लांकडी उतरण घेऊन वाईस

आपल्याकडे प्रवासवर्णनें पुष्कळ लिहिलीं जातात. गांव किती दूर आहे, वाट कशी आहे, उतरण्यास धर्मशाळा बरी कीं परिचितांचें घर बरें, देऊळ कोणीं बांधिलें, पाणी कसें मानवतें, ह्या सर्वांची माहिती त्यांत सांपडते. मात्र त्या गांवीं पायऱ्या किती, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण ज्याचे पाय धड आहेत त्यास पायरी दिसतच नाहीं. ज्या घरांत कोणी चाकांच्या खुर्चीवर बसलेलें आहे त्या घराचा भूगोल मात्र अगदीं निराळा असतो. पुण्याहून वाई सुमारें पंचाण्णव किलोमीटर आहे, हें इतरांचें माप. आमचें माप असें : घरापुढील दोन पायऱ्या, वाटेवरील उपाहारगृहाच्या दोन, वाईच्या वाड्याची एक, आणि त्या वाड्याचा उंबरठा. एवढें अंतर कापण्यास आम्हांस चार वर्षें लागलीं. तें कोणत्या साधनानें कापलें हें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे; कारण ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरीं वडील माणसें आहेत, आणि ज्यांच्या घरीं आज अशी अडचण नाहीं त्यांच्याहि घरीं ती उद्यां येण्याचा संभव आहे.

आमच्या थोरल्या काकूंचें माहेर वाईचें. त्यांचें वय आज ब्यायशी वर्षांचें आहे. चार वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचें मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलें, परंतु उभें राहण्याची शक्ति कांहीं परत आली नाहीं. तेव्हांपासून त्या चाकांच्या खुर्चीवर असतात. घरांत त्यांचें कांहीं अडत नाहीं. सकाळीं देवाचीं फुलें त्याच निवडतात, धाकट्यांची संथा त्याच घेतात, आणि भाजी निवडतांना सर्व सुनांच्या माहेरच्या बातम्या त्यांनाच प्रथम कळतात. परंतु घराबाहेर पडणें म्हणजे रुग्णालयांत जाणें, एवढाच अर्थ त्यांच्यापुरता उरला होता.

ह्याचें कारण खुर्ची नव्हे, तर उचलणें. पहिल्याच वर्षीं नात्यांतील एका लग्नास आम्ही सर्व गेलों असतां कार्यालयाच्या पायऱ्यांवरून चौघां तरुणांनीं काकूंना खुर्चीसकट उचलून मांडवांत नेलें. तरुण भले होते, हेतु चांगला होता. लोकांनीं वाट करून दिली, कोणी "सांभाळा, सांभाळा" म्हणून ओरडले, सनईवाल्यांनींहि माना वळवून पाहिलें. काकू एका हातानें पदर व दुसऱ्या हातानें खुर्चीचा दांडा घट्ट धरून डोळे मिटून बसल्या होत्या. घरीं आल्यावर त्यांनीं सर्वांस जवळ बोलाविलें व शांतपणें सांगितलें, "चौघांनीं उचलून न्यायचें तें एकदांच. त्या वेळीं मी कांहीं नाहीं म्हणायची नाहीं. तोंवर मात्र मला कोणी उचलूं नका." ह्यावर बोलण्यासारखें कोणापाशीं कांहीं नव्हतें. पुढें लग्नें झालीं, मुंजी झाल्या, अक्षता घरींच येऊं लागल्या.

वाईस काकूंच्या वहिनी आहेत. त्यांचें वय एकोणऐंशी, आणि गुडघे असे कीं माजघरांतून चौकांत येणें हाच त्यांचा प्रवास. त्या काळच्या ह्या नणंदा-भावजया. त्यांतील एक त्या घरांतून सासरीं गेली आणि दुसरी त्याच वर्षीं त्या घरांत आली, इतका हा संबंध जुना. दूरध्वनीच्या पडद्यावर दोघी रोज सायंकाळीं एकमेकींस पाहतात, हें खरें. पण वहिनी एकदां म्हणाल्या, "वन्सं, ह्या कांचेंत तुम्ही दिसतां, हात कांहीं लागत नाहीं." गेल्या वर्षीं चातुर्मासांत वहिनींना मोठें दुखणें आलें. त्या त्यांतून उठल्या, परंतु उठल्यावर त्यांनीं निरोप पाठविला तो एवढाच कीं, "एकदां या." त्या रात्रीं जेवणाच्या पानांवर ठरलें कीं काकूंना वाईस न्यावयाचें, आणि न उचलतां न्यावयाचें.

श्रावणबाळानें आईबापांस कावडींत घालून यात्रा घडविली, हें आपण मुलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलों आहों. त्या कथेंत पुत्राची भक्ति दिसते, खांद्याचें बळ दिसतें. कावडींत बसलेल्या त्या वृद्धांस कसें वाटत असेल, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. उचलणाऱ्याचें पुण्य मोठें खरें, परंतु उचलल्या जाणाऱ्याच्या वांट्यास पुष्कळदां संकोचच येतो. काकूंच्या त्या एका वाक्यानंतर हा विचार आमच्या मनांतून गेला नाहीं.

चाकांची खुर्ची मोटारींत घालून नेतां येते ती तिची घडी होते म्हणून. ही घडीची खुर्ची जगास दिली ती अमेरिकेंतील दोन अभियंत्यांनीं. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणींतील अपघातानें पंगू झालेले. हॅरी जेनिंग्ज हे त्यांचे यंत्रज्ञ मित्र. ह्या दोघांनीं १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची हलकी, मिटणारी खुर्ची तयार केली, आणि चाकांवर बसलेला माणूस मोटारींतून परगांवीं जाऊं लागला. परंतु खुर्ची मिटली तरी पायरी मिटत नाहीं. तेव्हां खुर्चीबरोबर पायरीवरचा रस्ताहि मिटवून नेतां आला पाहिजे, हें ओघानेंच आलें. बाजारांत ॲल्युमिनियमच्या तयार उतरणी मिळतात व त्या चांगल्याहि असतात. पण आमच्या वाटेंतील उंबरठ्यास त्या जुळेनात. म्हणून घरींच उतरण करण्याचें ठरलें. आमचा अभियांत्रिकी शिकणारा एक पुतण्या आणि आळींतील वृद्ध सुतारकाका ह्यांनीं तें काम अंगावर घेतलें.

प्रथम हिशेब सांगतों, कारण सारें मर्म त्यांत आहे. सार्वजनिक इमारतींसाठीं उताराचें प्रमाण एकास बारा असें ठरलेलें आहे. म्हणजे एक इंच चढण्यास बारा इंच लांबी हवी. ह्या प्रमाणानें आठ इंचांच्या एका पायरीस आठ फूट लांबीची उतरण लागते. मागें धडधाकट माणूस खुर्ची धरून असेल तर थोड्या अंतरापुरतें एकास आठ हें प्रमाण चालतें. त्या मानानें तीच आठ फुटांची उतरण सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्यांसहि पुरते. ह्याहून उभा उतार घरगुती कामास घेऊं नये. खुर्ची मागें उलटण्याचें भय असतें, आणि बसणाऱ्याच्या मनांत एकदां भय बसलें म्हणजे उतरण भिंतीस टेकून पडून राहते. आमच्या वाटेवरील सर्व पायऱ्यांचीं मापें दूरध्वनीवरून मागवून घेतलीं. उपाहारगृहाच्या पायऱ्यांचें माप तर त्या वाटेनें नेहमीं जाणाऱ्या एका स्नेह्यानें चहा घेतां घेतां वितीनें घेऊन कळविलें. ह्या सर्वांस आठ फूट लांबी पुरणार, हें त्यावरून ठरलें.

रचना अशी. बारा मिलीमीटर जाडीच्या, पाण्यानें न फुगणाऱ्या प्लायवूडची आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी अखंड फळी बाजारांत मिळते. सुतार तिला शीट म्हणतात. तिच्यांतून तीस इंच रुंदीची पट्टी कापून घेतली आणि ती मधोमध तोडून चार-चार फुटांचे दोन भाग केले. काकूंची खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे, तेव्हां दोन्ही कडांस लांकडी कांठ ठोकूनहि मार्ग पुरेसा उरतो. हे कांठ दोन इंच उंच असावेत, म्हणजे पुढील लहान चाक चुकून कडेवरून खालीं जात नाहीं. प्रत्येक भागाच्या खालीं लांबीच्या दिशेनें तीन सागवानी रिपा, अडीच इंच खोलीच्या, गोंद व स्क्रू ह्यांनीं पक्क्या केल्या. बाहेरच्या दोन्ही टोकांशीं रिपा तासून निमुळत्या केल्या आणि तेथें तीन मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसविली. खालची पट्टी जमिनीस लागून राहते व वरची पायरीवर चार इंच चढून बसते. त्यामुळें चाकास कोठेंहि ठेंच लागत नाहीं.

दोन भाग जोडावयाच्या बिजागऱ्या कोठें लावाव्यात, ही गोष्ट दिसण्यांत क्षुल्लक पण महत्त्वाची आहे. त्या वरच्या बाजूस लाविल्या तर भार पडतांच उतरण मधोमध खालीं मिटूं पाहते. म्हणून सुतारकाकांनीं त्या रिपांच्या तळाशीं लाविल्या. भार आला म्हणजे दोन्ही भागांचीं वरचीं टोकें एकमेकांवर दाबलीं जातात आणि सांधा उलट अधिकच आवळतो. शिवाय सांध्याखालीं देण्यास निरनिराळ्या उंचीचे चार लांकडी ठोकळे एका पिशवींत बरोबर ठेविले. सांध्यास टेकू दिल्यावांचून उतरणीवर कोणी चढावयाचें नाहीं, असा नियमच केला. बिजागऱ्यांच्या पिना काढतां येण्याजोग्या आहेत, म्हणून दोन्ही भाग सुटे होतात. एकेक भाग सुमारें पंधरा किलोंचा भरतो, तो दोन हातांनीं सहज मोटारीच्या टपावर चढवितां येतो. पृष्ठभाग घसरूं नये म्हणून तैलरंगाचा हात ओला असतांनाच त्यावर चाळलेली कोरडी वाळू पसरली, आणि ती वाळल्यावर वरून दुसरा हात दिला. ही युक्ति फार स्वस्त व फार गुणाची आहे. भर पावसांतहि त्यावर चप्पल घट्ट धरते.

परीक्षा अंगणांत झाली. काकू, खुर्ची आणि मागचा माणूस मिळून भार सुमारें दीडशें किलोंचा होतो. त्याच्या दुप्पट, म्हणजे पन्नास-पन्नास किलोंचीं सहा पोतीं, एक रात्रभर उतरणीवर रचून ठेविलीं. सकाळीं सुतारकाकांनीं दोरी ताणून पाहिली, फळी वांकली नव्हती. मग त्यांनीं स्वतः खुर्चीवर बसून वर-खालीं चार फेऱ्या करविल्या. पांचवी फेरी काकूंची. वर पोंचल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "कोणी उचललें नाहीं ना?"

खुर्ची चढविण्या-उतरविण्याची रीत प्रत्येकानें शिकून घेतली पाहिजे. चढतांना बसणाऱ्याचें तोंड वर, लोटणारा मागें. त्यानें हात ताठ ठेवून कंबरेनें जोर द्यावा व मध्यें थांबूं नये. उतरतांना खुर्ची उलट फिरवावी : लोटणारा प्रथम पाठमोरा खालीं येतो आणि बसणाऱ्याचें तोंड वरच राहतें. सरळ तोंडानें उतरविल्यास बसलेला माणूस पुढें घसरतो. उतरण लावतांना व काढतांना खुर्चीचा ब्रेक लावलेला असावा, पाय पायट्यांवर असावेत आणि नऊवारीचा घोळ चाकांपासून दूर खोंचलेला असावा. ही शेवटची सूचना कोणत्याहि छापील माहितीपत्रकांत आम्हांस आढळली नाहीं. ती काकूंची आहे.

माघ महिन्यांत एके दिवशीं पहांटे आम्ही निघालों. कात्रज मागें पडलें, शिरवळास नीरा ओलांडली. वाटेंत न्याहारीसाठीं थांबलों तेथें दोन पायऱ्यांवर उतरण प्रथमच परमुलखीं लागली. टेबलें पुसणारीं मुलें कामें सोडून पाहूं लागलीं. काकूंना अशा पाहण्याची संवय होती, परंतु ह्या वेळीं लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते, फळीकडे पाहत होते. हा फरक त्यांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्यांतील एका मुलानें बिल देतेवेळीं हळूच विचारलें, "ह्याचें माप मिळेल का? गांवीं आजोबा आहेत." पुतण्यानें त्याच बिलाच्या पाठीमागें आकृति काढून दिली. पुढें खंबाटकीचा घाट चढून सुरूरच्या फाट्यास वळलों, आणि पांडवगड दिसूं लागतांच काकूंनीं चष्मा पुसला व वाई येईपर्यंत त्या कोणाशीं बोलल्या नाहींत.

वाई हें कृष्णाकांठचें जुनें क्षेत्र. लोक त्यास दक्षिण काशी म्हणतात. एकीकडे केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, दुसरीकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखालीं जेथें काम चाललें व ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला तो मराठी विश्वकोश, अशी ह्या गांवाची विद्येची परंपरा आहे. पण आम्हांस त्या दिवशीं गांवांतील एकच दार पाहावयाचें होतें.

काकूंच्या माहेरचा वाडा दुघई आहे. गल्लींतून आठ इंचांची एक दगडी पायरी, तिच्यावर नऊ-दहा फूट रुंदीचा ओटा, आणि मग मोठा दरवाजा. पायरीवर उतरण अखंड लाविली व खुर्ची ओट्यावर आली. एकास बाराचा तो सौम्य चढ चढतांना काकूंनीं चाकांस स्वतःचे हातहि लाविले. अडचण पुढें होती. दरवाजाच्या पोटांतील जी दिंडी रोज वापरांत असते ती दोन फुटांहून अरुंद. खुर्ची तींतून जाणें शक्य नव्हतें. मोठा दरवाजा उघडावयास हवा होता, आणि त्या घराच्या रिवाजाप्रमाणें तो उघडतो फक्त दोन प्रसंगीं : वरात यावयाची असेल तेव्हां आणि घरांतून शेवटचें कोणी जावयाचें असेल तेव्हां. काकूंच्या भाच्यानें आदल्या दिवशींच अडसराला तेल घालून ठेविलें होतें. तो म्हणाला, "आत्या, ह्या दारांतून तुम्ही लग्न होऊन गेलांत. आज परत यायला तें उघडलें तर कोणाची हरकत आहे?"

हरकत निघाली ती निराळीच, आणि ती वहिनींची. दार उघडलें तेव्हां त्या आंत चौकाच्या कडेस खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांच इंच उंच सागवानी उंबरठा, त्यावर सकाळींच हळदकुंकू वाहिलेलें, पुढें रांगोळी. "उंबऱ्यावर पाय देऊं नये म्हणून जन्मभर मुलींना सांगितलें. त्याच्यावरून चाक कसें न्यायचें?" त्यांच्या स्वरांत राग नव्हता, नणंदेस घरांत घ्यावयाची होती आणि उंबऱ्याचा मानहि राखावयाचा होता, ह्या दोहोंमधील ती ओढाताण होती.

हा प्रश्न येणार हें काकूंनीं पुण्यासच सांगून ठेविलें होतें, आणि उतरणीचे दोन भाग सुटे होण्याजोगे केले ते मुख्यतः ह्याचसाठीं. सुतारकाकांनीं एक फूट रुंदीची एक जाड फळी निराळी केली होती. तिला दोन्ही बाजूंस पाये, आणि कांठांस खांचा. ही फळी उंबरठ्याच्या दोन्ही अंगांस पाये टेकून पुलासारखी उभी राहते, आणि तिच्या व उंबरठ्याच्या मध्यें बोटभर पोकळी उरते. तिच्या एका खांचेंत उतरणीचा एक भाग ओट्याच्या बाजूनें बसविला, दुसऱ्या खांचेंत दुसरा भाग आंतल्या बाजूनें. सहा इंचांची उंची, चार फुटांची लांबी. म्हणजे दोन्हीकडे एकास आठ. भाच्यानें पोकळींतून सुताचा दोरा आरपार ओढून आईस दाखविला. वहिनींनीं दोऱ्याकडे पाहिलें, हळदकुंकू न विस्कटलेलें पाहिलें आणि म्हणाल्या, "आणा आतां त्यांना."

अशा पुलावर खुर्ची वळवितां येत नाहीं, म्हणून आंतल्या उतारावर एकानें मागून ती रोखून धरली व एक समोर उभा राहिला. खुर्ची चौकांत उतरली. वहिनींनीं बसल्या जागेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घालावयाचें तें घातलें, आणि मग तांब्यांतील उरलेलें पाणी त्यांनीं दोन्ही चाकांवर घातलें. कोणी कांहीं विचारण्यापूर्वींच त्या म्हणाल्या, "हेच आतां वन्संचे पाय." काकूंनीं मागें वळून पुतण्यास सांगितलें, "आतां सोड." चौकाची फरसबंदी सपाट होती. त्यांनीं स्वतःच्या हातांनीं चाकें फिरवीत खुर्ची तुळशीपर्यंत नेली, तेथून वहिनींपर्यंत नेली. दोघींच्या खुर्च्या गुडघ्यास गुडघा लागेल इतक्या जवळ आल्या. त्यानंतर दोन दिवस त्या तशाच होत्या. फक्त जेवणापुरती त्यांची जागा बदले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कृष्णेच्या दर्शनास निघालों. वाईस घाट पुष्कळ, आणि माघ-फाल्गुनांत कृष्णाबाईचा उत्सव एकामागून एक सात घाटांवर होतो. गणपति आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे; पुराचें पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनीं निघून जावें, ही त्यांतील योजना. पाण्याच्या वेगापुढें सपाट भिंत उभी न करितां निमुळती धार उभी करावी, हें अडीचशें वर्षांपूर्वींच्या गवंड्यास कळत होतें.

घाटापुढें मात्र आमच्या उतरणीचें कांहीं चालण्यासारखें नव्हतें. उदाहरणार्थ सात-सात इंचांच्या वीस पायऱ्या धरल्या, तर उंची एकशें चाळीस इंच होते आणि एकास बाराच्या मानानें एकशें चाळीस फूट लांबीचा मार्ग लागतो. त्यांतहि मधून मधून विसाव्याच्या सपाट जागा हव्यात. हें काम कोणा घरच्या सुताराचें नव्हे. आम्हीं खुर्ची वरच्या सपाट जागेवर थांबविली. तेथून नदी दिसत होती. धाकट्या मुलीनें खालीं जाऊन तांब्याभर पाणी आणलें, तें काकूंनीं डोळ्यांस लाविलें आणि हंसून म्हणाल्या, "वाईट कसलें वाटायचें? माणसाला खालीं जाववत नाहीं म्हणून कृष्णाबाई पावसाळ्यांत आपणच वर येते."

दुपारीं आमच्यांतील कांहीं जण जवळच मेणवलीस जाऊन आले. तेथें नाना फडणविसांचा वाडा, त्यामागें कृष्णेचा सुंदर घाट, आणि मेणेश्वरापाशीं ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा आहे. घंटेवर १७०७ सालाचा आंकडा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली त्या मोहिमेंतील ती लूट, असें सांगतात. काकूंना चलण्याविषयीं विचारलें होतें. "घंटा मी लहानपणीं पाहिली आहे, आणि ती कांहीं माझी वाट पाहत नाहीं," असें म्हणून त्या वहिनींपाशींच राहिल्या. तिसऱ्या दिवशीं निघतांना पूल पुन्हां लाविला आणि खुर्ची गल्लींत आली. वहिनींनीं ह्या वेळीं उंबऱ्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. फक्त ती मधली फळी तेथेंच ठेवून जाण्यास सांगितलें. तिच्यावरून त्यांची चार पायांची काठी टेकीत टेकीत त्या स्वतः ओट्यावर येऊं शकतील, असें त्यांच्या मनांत आलें होतें. पुण्यास परतल्यावर सुतारकाकांनीं आमच्यासाठीं दुसरी केली.

ह्या प्रवासावरून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही कीं, घाट, देवळें, कचेऱ्या, स्थानकें, नाट्यगृहें येथील चढ-उतारांची व्यवस्था करणें हें समाजाचें व सरकारचें काम आहे, आणि तें दयेचें काम नव्हे. देशांत ३ डिसेंबर २०१५ रोजीं सुगम्य भारत अभियान सुरू झालें. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या जागीं २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक न राहतां बंधनकारक झाले पाहिजेत. २०११ च्या खानेसुमारींत देशांतील दिव्यांगांची संख्या सुमारें २ कोटी ६८ लक्ष भरली, आणि त्यांपैकीं सुमारें ५४ लक्षांचें व्यंग चालण्या-हलण्याचें होतें. काकूंसारख्या वार्धक्यानें बसलेल्या किती जणी त्यांत मोजल्या गेल्या असतील, हा प्रश्न निराळाच.

दुसरी गोष्ट घरची आहे, आणि तिला कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. एक-दोन पायऱ्या आणि एक उंबरठा, एवढ्याच अडथळ्यामुळें किती तरी वडील माणसें घरांत बसून आहेत. नातेवाइकांचा स्नेह कमी असतो असें नाहीं. स्नेह असतो, उचलण्यास हातहि असतात, पण त्या हातांत बसून जाण्यापेक्षां घरीं बसणें त्या माणसास बरें वाटतें आणि तें तसें बोलून दाखवीत नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं असें कोणी आहे त्यांनीं एक काम आजच करावें. टेप घेऊन दारापुढील पायरीची उंची, उंबरठ्याची उंची, दाराची रुंदी व खुर्चीची रुंदी अशीं चार मापें कागदावर लिहावींत. उंचीस बारानें गुणावें, निदान आठानें, लांबी कळेल. मग तो कागद घेऊन जवळच्या सुताराकडे जावें, आणि बिजागऱ्या तळाशीं लावण्यास सांगण्यास विसरूं नये.

आमची उतरण ह्या दिवसांत घरीं क्वचितच असते. आळींतील दोन घरांतून ती फिरत असते; एका मुंजीस गेली होती, एकदां मतदानाच्या दिवशीं सकाळीं सातपासून ती बाहेर होती. तिचा वाळूचा थर मध्यें झिजला म्हणून गेल्या आठवड्यांत पुन्हां रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत कोणास देऊं नये, अशी काकूंची सक्त ताकीद आहे. कारण येत्या अक्षय्य तृतीयेस त्या वाईस जावयाच्या आहेत.